खिशात मावणारा फुल-फ्रेम कॅमेरा : घ्यावा की न घ्यावा?

रानवाटा
नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सध्या एक फुल-फ्रेम बॉडी आणि तीन लेन्सा आहेत. फोटोंबद्दल काहीच तक्रार नाही. पण पाणी, डबा, रेनकोट आणि त्यावर हा सगळा संसार पाठीवर घेऊन गड चढायचा म्हटलं की हल्ली कॅमेरा कपाटातच राहतो. फोनवर फोटो काढते आणि घरी येऊन चुटपुट लागते. म्हणून सगळं विकून एकच छोटा, न बदलणाऱ्या लेन्सचा फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा असं मनात आहे.

फुल-फ्रेमचा हट्ट दोन कारणांसाठी. एक, मी भिंतीवर लावायला मोठे प्रिंट काढते. दोन, आईचे आणि गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो घरातल्या अंधुक उजेडात काढायचे असतात. फ्लॅश मारला की ती माणसं अवघडतात.

डोळ्यांसमोर आहेत ते असे : सोनी आरएक्स१आर-२ सेकंडहँड, नवा आरएक्स१आर-३, किंवा लायका क्यू२ / क्यू३. किमती बघून धडकी भरते, पण जुनं सामान विकून निम्मेशिम्मे पैसे उभे राहतील.

ज्यांनी असा कॅमेरा रोज वापरलाय त्यांनी गुण आणि दोष दोन्ही मोकळेपणाने सांगावेत. जाहिरातीत असतं ते वाचून झालंय.

सोलकढी
पहिलाच प्रश्न : खिशात मावतो म्हणजे नक्की कुणाच्या खिशात? पैलवानाच्या? :)

गणकयंत्र
सोलकढी, विनोद बाजूला, प्रश्न रास्त आहे. आरएक्स१आर-३ ची रुंदी ११३ मिमी, उंची ६८ मिमी, पण लेन्स धरून खोली ८७ मिमी. वजन बॅटरी-कार्डासह ४९८ ग्रॅम. रेनकोटाच्या किंवा जाकिटाच्या खिशात जातो, जीन्सच्या नाही. लायका क्यू३ तर ७४३ ग्रॅम, तो गळ्यातच अडकवायचा.

पण हेही बघा. फुजीचा एक्स१००-६ हा लहान सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा भाग; त्याच्या या लहान मापाला एपीएस-सी म्हणतात) कॅमेरा ५२१ ग्रॅमचा आहे. म्हणजे त्याच्या सव्वादोन पटीहून जास्त क्षेत्रफळ असलेला सेन्सर आणि ३५ मिमी एफ/२ झाइस लेन्स (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, लहान तितकं दृश्य रुंद; एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) सोनीने त्याहून हलक्या डब्यात बसवली. २०१२ साली पहिला आरएक्स१ आला तेव्हा ४८२ ग्रॅम वजन बघून लोकांचा विश्वास बसत नव्हता, तो उगीच नाही.

लिंबूटिंबू
धागा वाचतोय. फुल-फ्रेम म्हणजे नक्की काय हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

निगेटिव्ह
लिंबूटिंबू, सांगतो. जुन्या रोलवर एका फोटोची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असायची. तेवढ्याच मापाचा सेन्सर म्हणजे फुल-फ्रेम. हे माप आलं सिनेमाच्या फिल्मवरून. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याने सिनेमाच्या दोन चौकटी जोडून एक केली आणि १९१४ च्या सुमारास छोटा कॅमेरा बनवला. १९२५ ला तो लायका नावाने बाजारात आला. हेतू काय होता? डोंगरात फिरताना अवजड पेटी वाहायला लागू नये. रानवाटाताईंचं दुखणं शंभर वर्षं जुनं आहे.

आमच्या तरुणपणी घरोघरी याशिका इलेक्ट्रो ३५ असायचा. ४५ मिमी एफ/१.७ ची न निघणारी लेन्स, लेन्सच्या आतच शटर. आज 'प्रीमियम कॉम्पॅक्ट' म्हणून जे विकतात त्याची कुंडली तिथे जुळते. एका लेन्सने सगळी लग्नं, बारशी, सहली निघायच्या आणि अमुक फोकल लेंथ नाही म्हणून कुणाचं अडलेलं मला आठवत नाही.

मुठाकाठ
मी थोडं विरोधात बोलतो, राग नसावा.

आरएक्स१आर-३ जुलै २०२५ मध्ये ५,१०० डॉलरला जाहीर झाला, म्हणजे तेव्हाच्या दराने कर सोडून सव्वाचार लाख रुपयांच्या पुढे. सोनीचाच ए७सीआर घ्या. तोच ६१ मेगापिक्सेलचा वर्ग, बॉडी ५१५ ग्रॅम, त्यावर ४० मिमी एफ/२.५ ची १७३ ग्रॅमची लेन्स. एकूण ६८८ ग्रॅम. बाजारात आले तेव्हा दोन्ही मिळून ३,६०० डॉलर. वर बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा), फिरणारा स्क्रीन, मोठी बॅटरी, आणि उद्या मन बदललं तर दुसरी लेन्स लावायची सोय.

मग १९० ग्रॅम वाचवायला दीड हजार डॉलर जास्त आणि चार सोयी कमी, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. रानवाटाताई, तुमच्याकडे आधीच फुल-फ्रेम बॉडी आहे. तिच्यावर एक छोटी ३५ ची लेन्स लावा आणि बाकीच्या दोन विका. प्रश्न मिटला.

पखवाज
मुठाकाठ, हिशोब बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही : लीफ शटर.

वारीत भर दुपारी फोटो काढणाऱ्यांना माहीत असेल. ऊन डोक्यावर, समोरच्या माणसाच्या डोक्यावर टोपी नाहीतर फेटा, आणि कपाळापासून नाकापर्यंत काळी सावली. डोळे दिसतच नाहीत. अशा वेळी छोट्या फ्लॅशचा हलका उजेड चेहऱ्यावर टाकावा लागतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात पडद्याचं शटर असतं, त्यावर फ्लॅश साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच पूर्ण चौकटीवर पडतो. त्याहून वेगात जायचं तर हाय-स्पीड सिंक (फ्लॅश सलग बारीक झटक्यांत पेटवायची सोय) वापरा, आणि त्यात फ्लॅशची ताकद पार उतरते. लीफ शटर लेन्सच्या आत असतं, पाकळ्यांसारखं मधून उघडतं आणि मिटतं. त्यामुळे १/१००० ला सुद्धा फ्लॅश जवळजवळ पूर्ण ताकदीने मिळतो. मुठीएवढ्या फ्लॅशने सूर्याशी बरोबरी करता येते.

वाखरीच्या रिंगणाआधी बायका तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन उभ्या असतात. मित्राच्या लायका क्यूवर, एफ/८ आणि १/५०० ला, फ्लॅश अगदी मंद ठेवून त्यांचे फोटो काढलेत. आभाळ निळं राहतं, तुळशीच्या मंजिऱ्या सुट्या दिसतात, आणि त्या माउलीच्या कपाळावरचं कुंकू घामाने कुठे ओघळलंय तेही दिसतं. ए७सीआरने हे काम छोट्या फ्लॅशवर होत नाही.

गणकयंत्र
पखवाज, +१. पण लीफ शटरची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाकळ्यांना पूर्ण उघडून मिटायला वेळ लागतो. आरएक्स१ मध्ये १/४००० मिळतो तो एफ/५.६ किंवा त्याहून छोट्या छिद्राला; एफ/२ वर मर्यादा १/२०००. आता आपल्याकडचं दुपारचं ऊन घ्या. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/२ ला साधारण १/६४०० लागतो. म्हणजे जवळपास पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड आत येणार. उन्हात मागचं धूसर करायचं असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) बाळगावाच लागतो. लेन्सचं तोंड दोन्हीकडे ४९ मिमी, आरएक्स१ ला पण आणि क्यू ला पण, त्यामुळे एकच तीन स्टॉपचा फिल्टर दोघांना चालेल.

क्यूमध्ये त्यापुढे इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० पर्यंत जातं, तिथे फिल्टरशिवाय भागतं.

तिसरीघंटा
इलेक्ट्रॉनिक शटरवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी नाटकांचे फोटो काढते. रंगमंचावरचे एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक शटर यांचं अजिबात जमत नाही, फोटोवर आडवे पट्टे उमटतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि दिवा तेवढ्यात लुकलुकलेला असतो. गणपतीच्या मांडवात रोषणाईचे फोटो काढताना हाच त्रास होतो. लीफ शटरमध्ये पूर्ण चौकट एकदम उजळते, त्यामुळे पट्टे पडत नाहीत. फार तर एखादा फोटो जरा गडद, एखादा उजळ येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा १/१०० वर राहिलं की तेही टळतं.

आणि आवाज! बालगंधर्वला तिसऱ्या रांगेत बसून शांत प्रसंगात नेहमीच्या कॅमेऱ्याचं शटर पाडा, पुढच्या दोन रांगा वळून बघतात. लीफ शटरचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नाही. फोकसला मदत करणारा तो लाल दिवा मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर नटाच्या तोंडावर पडतो.

दोष असा की ३५ मिमीने तिसऱ्या रांगेतून सगळा रंगमंच येतो. नटाचा चेहरा हवा असेल तर काही उपयोग नाही.

लिंबूटिंबू
पण ६१ मेगापिक्सेल आहेत ना? मग नंतर कापून मोठा करता येईल की.

गणकयंत्र
येतो, पण किती ते बघा. आरएक्स१आर-३ मध्ये बटणावरच ती सोय आहे : ३५ चे ५० केले की २९ मेगापिक्सेल उरतात, ७० केले की १५. क्यू३ मध्ये मूळ लेन्स २८ ची, ६० मेगापिक्सेल. ३५ ला ३९, ५० ला १९, ७५ ला ८ आणि ९० ला ६. वर्तमानपत्रात छापायला ६ पुरतात, भिंतीवरच्या प्रिंटला नाही.

रानवाटाताईंच्या प्रिंटपुरतं : ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४ मेगापिक्सेलचा प्रिंट २० गुणिले १३ इंच होतो, ६१ चा साधारण ३१ गुणिले २१ इंच. आरएक्स१आर-२ चे ४२ मेगापिक्सेल मधे कुठेतरी, २६ गुणिले १७ च्या आसपास. दिवाणखान्यातल्या भिंतीला तेवढं भरपूर झालं.

निगेटिव्ह
कापण्याबद्दल माझा एक आग्रह आहे. कापल्याने चौकट बदलते, पण चेहऱ्याची ठेवण ठरते ती तुम्ही किती लांब उभे आहात त्यावरून. २८ ची लेन्स घेऊन आईच्या पुढ्यात दोन फुटांवर बसलात तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसणार. चार-पाच फुटांवर बसा आणि मग कापा, चेहरा जसा आहे तसा येईल. मात्र धूसरपणा कापून वाढत नाही. एफ/१.७ चा २८ कापून ५० केला तरी मागचं तेवढंच विरघळतं जेवढं २८ वर विरघळलं होतं.

माणसांचे फोटो हेच मुख्य काम असेल तर मी ३५ च्या बाजूने. किंवा सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला क्यू३ चा ४३ मिमीवाला भाऊ. ३६ आणि २४ च्या चौकटीचा कर्ण साधारण ४३ मिमी भरतो, त्यामुळे त्यातून बघताना जवळ-दूरचं नातं डोळ्याला ओळखीचं वाटतं. किंमत विचारू नका.

सोलकढी
विचारली. विचारायला नको होती हे काका बरोबर सांगत होते. :)

माइनकाठ
फ्रँकफुर्टहून लिहितोय. वेट्झलार इथून साधारण ६० किलोमीटर. लायकाचा परिसर लाइट्झ पार्क म्हणून आहे, बघण्यासारखा. तिथल्या दुकानात क्यू३ हातात घेऊन बराच वेळ फिरता येतं. कुणीही गळ्यात पडत नाही.

मला स्वतःला क्यूच्या लेन्सवरची अंतराची खूण फार आवडते. फोकसच्या कड्यावर मीटर कोरलेले, शेजारी एफ/८ ला कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते. २८ मिमीला एफ/८ वर साधारण सव्वातीन मीटरवर कडं ठेवलं की दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. ऑटोफोकसची वाट बघायचीच नाही, माणूस समोर आला की दाबायचं. गर्दीत, बाजारात, जत्रेत याला तोड नाही. आरएक्स१ च्या लेन्सवर छिद्राचं कडं सुंदर आहे, पण फोकसच्या कड्यावर अंतराचे आकडे नाहीत, ते स्क्रीनवर बघावं लागतं.

मुठाकाठ
माइनकाठ, जिथे मिळतो तिथे कौतुक ठीक. पण दुरुस्तीचं काय? न निघणारी लेन्स हा माझा मुख्य आक्षेप आहे आणि त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

माझ्याकडच्या एका फिक्स लेन्सच्या कॅमेऱ्यात (कंपनीचं नाव लिहीत नाही) सेन्सरवर धुळीचा कण बसला. बदलत्या लेन्सचा असता तर ब्लोअरने फुंकून पाच मिनिटांत काम झालं असतं. इथे सेन्सरपर्यंत हातच पोचत नाही. अख्खा कॅमेरा उघडावा लागतो, लेन्स-सेन्सरची जुळणी पुन्हा करावी लागते. सेवा केंद्राने तो परगावी पाठवला आणि आमचा पावसाळा त्यातच गेला. एफ/४ ला तो डाग दिसत नव्हता, एफ/११ ला प्रत्येक आभाळात ठिपका.

बुरशीचंही तेच. कोकणात राहणाऱ्याने बदलत्या लेन्सला बुरशी आली तर ती एक लेन्स बाजूला काढायची, यात सगळा कॅमेराच बाजूला काढायचा.

पखवाज
हा मुद्दा शंभर टक्के मान्य. उपाय एकच, ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट). ते नको असेल तर रबर पट्टीचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहायला हवा. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला की बुरशीला आमंत्रण, चामडं ओल धरून ठेवतं.

रानवाटा
सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. पावसाचा विषय निघालाच आहे तर विचारते. क्यू२, क्यू३ ला आयपी५२ असं लिहिलेलं असतं. पावसाळी ट्रेकला त्याचा उपयोग होतो का? आरएक्स१ मालिकेला तर असलं काहीच संरक्षण नाही ना?

धुकट
पावसाळ्यात डोंगरातच असतो म्हणून उत्तर देतो.

आयपी५२ मधला पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे काम बंद पडेल इतकी धूळ आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा. २ म्हणजे वरून टपकणारं पाणी, आणि कॅमेरा १५ अंशांपर्यंत कलला तरी चालेल एवढंच. प्रयोगशाळेत पाणी वरून खाली पडतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाऊस खालून वर येतो! घाटमाथ्यावर आडवा येतो. त्यामुळे आयपी५२ म्हणजे रिमझिम, धुकं, झाडावरून गळणारे थेंब, एवढ्यापुरता दिलासा. मुसळधार पावसात छत्री नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी, कॅमेरा कुठलाही असो.

आरएक्स१ ला तेवढाही दिलासा नाही. पण खरा धोका थेंबांपेक्षा धुक्यातून गाडीत किंवा गरम झोपडीत शिरताना असतो. थंड काचेवर आतून-बाहेरून बाष्प धरतं. आत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि पिशवीतच गरम होऊ द्या. मग बाष्प पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

तिसरीघंटा
वाखु (वाचनखूण) साठवली, केवळ या झिपच्या पिशवीसाठी.

गणकयंत्र
आता बॅटरी आणि हात हलण्याबद्दल, कारण ताईंना अंधुक उजेडातले फोटो हवेत.

आरएक्स१आर-२ ची बॅटरी एनपी-बीएक्स१, सोनीच्या अगदी छोट्या कॅमेऱ्यांतली. अधिकृत आकडा २२० फोटो. आरएक्स१आर-३ ला एनपी-एफडब्ल्यू५० दिली, ३०० पर्यंत जातो. क्यू३ साधारण ३५०. बीएक्स१ इतकी लहान आहे की दोन जादा बॅटऱ्या शर्टाच्या खिशात कळतही नाहीत. थंडीत त्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवाव्या.

हात हलण्याचं जास्त महत्त्वाचं. आरएक्स१ च्या तिन्ही पिढ्यांत फोटोसाठी स्टॅबिलायझेशन नाही. क्यूच्या लेन्समध्ये आहे. जुना नियम ३५ मिमीला १/३५ सेकंदाचा, पण ४२ किंवा ६१ मेगापिक्सेलवर तो पुरत नाही, पिक्सेल इतके बारीक असतात की जराशी थरथर दिसते. मी १/१२५ च्या खाली जात नाही आणि आयएसओ वाढू देतो. फुल-फ्रेमचा सेन्सर ८६४ चौरस मिमीचा, चांगल्या फोनमधला एक इंची म्हणतात तो ११६ चा. सातपटीहून जास्त जागा उजेड झेलायला. आयएसओ ३२०० ला घाबरायचं कारण नाही.

पण हे विसरू नका : बसलेली आई पूर्ण स्थिर नसते. हात हलतात, मान वळते. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर घालवतं, तिच्या हाताची नाही. त्यामुळे माणसांच्या फोटोंसाठी ही उणीव कागदावर वाटते तेवढी मोठी नाही. अंधारात देवळाचं कोरीव काम काढायचं असेल तर मात्र क्यू पुढे.

निगेटिव्ह
गणकयंत्राने फार मोलाचं सांगितलं. त्यात किती खोलीपर्यंत स्पष्ट येतं त्याची भर घालतो. ३५ मिमी, एफ/२, एक मीटर अंतर : स्पष्ट पट्टा जेमतेम १० सेंटिमीटर. डोळ्यावर फोकस केला तर कानापर्यंत पोचण्याआधीच संपतो. दोन मीटरवर तोच पट्टा ४० सेंटिमीटरच्या आसपास जातो. आईचा चेहरा आणि मांडीवरचे हात दोन्ही हवे असतील तर दोन मीटरवर बसा आणि एफ/२.८ ठेवा. खिडकी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा भिंत. म्हाताऱ्या हातांवरच्या शिरा, बांगडीखालचा घासून गुळगुळीत झालेला डाग, हे सगळं मोठ्या सेन्सरवर ज्या हळुवार छटांत उतरतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. मी फुल-फ्रेमच्या बाजूने आहे ते यासाठी, आकड्यांसाठी नाही.

मुठाकाठ
निगेटिव्हकाका, ते तर ए७सीआरवरही येईल की!

निगेटिव्ह
येईल. पण आरएक्स१ च्या लेन्सची मागची काच सेन्सरला जवळजवळ टेकलेली आहे. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात माउंटमुळे (लेन्स अडकवायच्या कड्यामुळे) तेवढं जवळ जाता येत नाही. म्हणून इतक्या छोट्या आकारात एफ/२ ची इतकी चांगली लेन्स बसली. २०१२ पासून २०२५ पर्यंत सोनीने लेन्स बदलली नाही आणि ६१ मेगापिक्सेललाही तीच लावली. तुमच्या ४० च्या लेन्सचं छिद्र एफ/२.५, वर लांबी जास्त. दोन्हींचं आपापल्या जागी बरोबर आहे.

लिंबूटिंबू
मग दहा वर्षांनी आलेल्या आरएक्स१आर-३ वर लोक नाराज का आहेत?

माइनकाठ
मुख्यतः स्क्रीनमुळे. आरएक्स१आर-२ चा स्क्रीन वर-खाली कलायचा, तिसऱ्यात तो पक्का बसवला. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) दुसऱ्यात वर उसळून यायचा, तिसऱ्यात तो कायमचा बॉडीत आहे, हे मला चांगलं वाटतं, कारण उसळणारी यंत्रणा जुनी झाली की कुरबुर करू शकते. स्टॅबिलायझेशन नाही, पावसापासून संरक्षण नाही, आणि किंमत दुसऱ्याच्या ३,३०० वरून ५,१०० डॉलर. बॅटरी सुधारली, फोकस खूप सुधारला. लहान मुलांचे, पळणाऱ्या माणसांचे फोटो काढणाऱ्याने तिसरा घ्यावा. पहिल्या आरएक्स१ चा फोकस कमी उजेडात चाचपडतो, तो बसलेल्या माणसांसाठी आणि डोंगरांसाठीच बरा.

अवांतर : परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर विमानतळावर ड्यूटी भरूनच आणायला सांगा, आणि वॉरंटी भारतात चालते का ते आधी लेखी विचारा. उलट इथून महाग कॅमेरा बाहेर घेऊन जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेऊन ठेवा, परत येताना वाद होत नाही.

सोलकढी
एक गंभीर प्रश्न. फुल-फ्रेमच हवा, लेन्सही बदलता यायला हवी आणि वजनही कमी हवं, अशांसाठी सिग्मा एफपी कसा?

गणकयंत्र
बॅटरी-कार्डासह ४२२ ग्रॅम, २४ मेगापिक्सेल, २०१९ चा. पण त्यात यांत्रिक शटरच नाही. तिसरीघंटाताईंनी सांगितलेले पट्टे आणि पळत्या गोष्टी तिरक्या होणं, दोन्ही सोसावं लागेल. व्हिडिओसाठी उत्तम, मांडवातल्या आरतीसाठी नाही.

रानवाटा
मंडळी, सगळं दोनदा वाचलं. निर्णय जवळजवळ झालाय.

मुठाकाठ, तुमचा सल्ला आधी करून पाहिला. माझ्या झूमवर ३५ ला चिकटपट्टी लावून गावी जाऊन आले. ३५ मध्ये मला काहीच कमी पडलं नाही, माणसांजवळ जावं लागलं आणि ती बोलायला लागली. म्हणजे फोकल लेंथचा प्रश्न सुटला आणि २८ चा क्यू बाद झाला. बॉडी तीच ठेवून छोटी लेन्स लावायचाही विचार केला, पण माझी बॉडीच जड आहे, आणि वारी-जत्रांत मला पखवाज म्हणतात तो दुपारचा फ्लॅश फार हवाय.

तिसऱ्याचा पक्का स्क्रीन मला नको. आई खाटेवर बसलेली असते, मी जमिनीवर. कॅमेरा मांडीवर ठेवून वरून स्क्रीनमध्ये बघत बोलत राहिले की तिचं कॅमेऱ्याकडे लक्षच जात नाही. तो कलणारा स्क्रीन दुसऱ्यात आहे. म्हणून आरएक्स१आर-२ सेकंडहँड. पावसात तो पिशवीत राहील आणि फोन बाहेर येईल, हे मी मान्य केलंय.

पुण्यात एकाकडे आहे, शनिवारी बघायला जाणार. काय काय तपासू?

निगेटिव्ह
चांगली निवड. जाताना घेऊन जा : छोटा टॉर्च, स्वतःचं कार्ड, चार्ज केलेली बॅटरी.

लेन्समध्ये तिरका टॉर्च मारून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी, तिथूनच परत फिरा. धुळीचे दोन-चार कण चालतील. मग एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा जरा धूसर फोटो काढा आणि मोठा करून बघा, सेन्सरवरचा डाग लगेच दिसतो. मुठाकाठांनी सांगितलंय ते लक्षात ठेवा, तो डाग तुम्हाला घरी साफ करता येणार नाही. व्ह्यूफाइंडर निदान दहा वेळा वर-खाली करा, अडकता कामा नये.

गणकयंत्र
भर : एकदा एफ/२ वर १/२००० ला आणि एकदा एफ/५.६ वर १/४००० ला उन्हात लागोपाठ काही फोटो काढा, एकाच सेटिंगच्या सगळ्या फोटोंत उजेड सारखा आला पाहिजे. शटरच्या पाकळ्या आळसावल्या असतील तर फोटो कमी-जास्त उजळ येतील. मॅक्रोचं (अगदी जवळच्या फोटोचं) कडं फिरवून २० सेंटिमीटरवर फोकस होतो का बघा, आणि त्यानंतर लांबचाही. विटेच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एफ/२ ला चारही कोपरे ताडा. एक कोपरा मऊ असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला असू शकतो.

पखवाज
मूळ बिल, खोक्यावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतोय का बघा. फ्लॅशही न्या आणि १/१००० ला एकदा मारून बघा.

मुठाकाठ
रानवाटाताई, पट्टी लावून खरंच गावी जाऊन आलात म्हटल्यावर माझा आक्षेप संपला. शनिवारी मी मोकळा आहे. कुठे, किती वाजता ते व्यनि (खाजगी निरोप) करा. टॉर्च आणि विटांची भिंत असलेली जागा, दोन्ही माझ्याकडे आहेत.

रानवाटा
मुठाकाठ, व्यनि केलाय. अकरा वाजता.